सोलापूरचे घर विकून पुण्यात घर घेताना

अण्णा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले आणि जुळे सोलापुरातल्या घरात आई एकटी उरली. दादा वीस वर्षांपासून हैदराबादला आहे आणि मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला भाड्याने राहते. सहा महिने आम्ही दोघे आळीपाळीने सोलापूरला जात राहिलो. मग मे महिन्यात एका रात्री आई जिन्यावरून घसरली, शेजारच्या काकांनी तिला दवाखान्यात नेले आणि मला ते सकाळी कळले, तेव्हा आईनेच निर्णय घेतला की हे घर विकायचे आणि पुण्यात आम्हा दोघींचे एक घर घ्यायचे. त्यानंतरचे चौदा महिने मी दोन शहरांच्या घरबाजारात काढले. एका शहरात विकणारी आणि दुसऱ्या शहरात घेणारी अशा दोन्ही भूमिका एकाच वेळी वाट्याला आल्यामुळे घराची ‘किंमत’ या शब्दाचा अर्थ गावागणिक किती बदलतो, हे मला फार जवळून पाहता आले आणि ते नीट लिहून ठेवावेसे वाटते.

घर साधेच होते. तीस बाय पन्नासचा, म्हणजे पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट अण्णांनी १९९३ मध्ये घेतला होता. १९९२ च्या हद्दवाढीत तो भाग महापालिकेत आला होता, पण तेव्हा तिथे रस्ता नव्हता आणि पाणी टँकरचे होते. १९९६ मध्ये तळमजला झाला आणि २००६ मध्ये वर दोन खोल्या चढल्या. आमच्या लेआउटला अजून सातबाराच चालतो, त्यामुळे पहिले काम वारस नोंदीचे होते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, अर्ज, नोटिशीचे पंधरा दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेला फेरफार, असे करत ऑगस्ट २०२४ मध्ये आई, दादा आणि मी अशी तिघांची नावे सातबाऱ्यावर लागली. या टप्प्यात कागद वेळेवर दिले की काम होते, एवढेच मला सांगता येईल.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता, तो म्हणजे सांगायचे किती? गौरी-गणपतीला घरी जमलेल्या नातेवाइकांपैकी प्रत्येकाकडे एक आकडा होता आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यांत तब्बल तीस लाखांचे अंतर होते. पितृपंधरवड्यात घर बघायला कोणी फिरकले नाही. घटस्थापना झाली आणि एजंटांचे फोन सुरू झाले. त्यांतले एक गृहस्थ मला आवर्जून सांगत होते, “ताई, विमानतळाचं उद्घाटन झालंय, वंदे भारत आहेच, आता होटगी रोडपासून इकडचा सगळा भाव वर जाणार. पंच्याऐंशीच्या खाली बोलूच नका.” उद्घाटन खरोखरच २९ सप्टेंबर २०२४ ला झाले होते, पण त्या दिवशी तिथून प्रवासी विमान एकही उडत नव्हते. भाव ठरवताना उद्याची सोय आजच जमा धरायची आणि आजची गैरसोय मोजायचीच नाही, ही पद्धत मला पुढे पुण्यातही भेटली.

आमच्याकडची गैरसोय उघड होती. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून प्रत्येक घराखाली हौद आणि गच्चीवर दोन-दोन टाक्या असतात. घर बघायला आलेली मंडळी दिवाणखान्यात बसण्याआधी हौदाचे झाकण उघडायला सांगत. अण्णांनी बांधलेला हौद बारा हजार लिटरचा होता आणि आई तो अभिमानाने दाखवत असे. घर बघायला आलेल्यांत सोलापूर शहरातले लोक थोडे आणि अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा या बाजूंचे जास्त होते. कोणी मुलांच्या शाळेसाठी येत होते, कोणी उसाचे पैसे प्लॉटमध्ये घालायला, तर कोणी निवृत्तीनंतर दवाखाने जवळ हवेत म्हणून. आणि विकणारे बहुतेक आमच्यासारखे होते, ज्यांची मुले पुण्याला, हैदराबादला किंवा बेंगळुरूला स्थिरावली आहेत. आमच्या गल्लीतल्या अठरा घरांपैकी सात घरांत फक्त म्हातारी माणसे राहतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजले. तालुक्यातून शहरात येणारा आणि शहरातून महानगरात जाणारा, या दोघांच्या गाठीतून आमच्या भागातला भाव ठरत होता. त्यात विमानतळाचा वाटा असलाच तर फार थोडा होता.

आत्याचे घर मात्र जुन्या पेठेत आहे. तिथे गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही आणि खाली दोन जुने भाडेकरू. रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे, त्या घराचे जे मूल्य निघते तेवढे द्यायला गेल्या चार वर्षांत कोणी तयार झालेले नाही. एकाच शहरात सहा किलोमीटरवर एका घराला सरकारी दरापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो आणि दुसऱ्याला सरकारी दराइतकाही मिळत नाही. ‘सोलापुरात काय भाव चाललाय’ या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नसतेच.

पहिले गंभीर गिऱ्हाईक दसऱ्यानंतर आठवड्याने आले. सत्तर लाखांची बोली झाली, पण अट अशी की पंचेचाळीस लाखांचे खरेदीखत करायचे आणि पंचवीस रोख घ्यायचे. गृहस्थ सभ्य होते, त्यांच्या बोलण्यात काही चोरटेपणा नव्हता. “इथं असंच होतं मॅडम,” असे त्यांनी अगदी सहज सांगितले. दादा डळमळला होता, हे मी लपवणार नाही, कारण सत्तर हा आकडा मोठा होता. पण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. शिवाय ती रोख रक्कम पुण्याच्या घरात मी कशी घालणार होते? तिथे बँकेचे कर्ज होते, सगळी रक्कम चेकनेच द्यायची होती. आईने प्रश्न मिटवला. “ह्यांनी आयुष्यभर शाळेत हिशेब शिकवला,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

त्या बोलण्यातून मला एक दिशा मात्र मिळाली. पंचेचाळीस हा आकडा त्यांनी कुठून आणला? मी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजे ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो, ते उघडले आणि प्लॉट व बांधकामाचा हिशेब मांडला, तो सेहेचाळीसच्या आसपास आला. मग त्याच संकेतस्थळावरची ई-सर्चची मोफत सेवा उघडली. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक भरला की त्या मिळकतीच्या नोंदवलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे ‘इंडेक्स टू’, पाहता येते. तीत मोबदला आणि बाजारभाव असे दोन स्वतंत्र रकाने असतात. मोबदला म्हणजे व्यवहारात लिहिलेली रक्कम आणि बाजारभाव म्हणजे रेडीरेकनरप्रमाणे निघालेले मूल्य. मुद्रांक शुल्क या दोहोंतल्या मोठ्या आकड्यावर लागते.

मी महिनाभर रोज रात्री जेवण झाल्यावर एक वही घेऊन बसत असे. आमच्या लेआउटचे आणि शेजारच्या दोन लेआउटचे सर्व्हे क्रमांक एकेक करून भरायचे, चित्रातली वाकडी अक्षरे ओळखून टाकायची, यादी आली की क्षेत्रफळ, मोबदला, बाजारभाव आणि दिनांक असे चार रकाने वहीत उतरवायचे. पाच वर्षांतले एकेचाळीस दस्त जमले. त्यांतल्या सत्तावीस दस्तांत मोबदला आणि बाजारभाव हे जवळजवळ सारखेच होते. एखाद्या भागातले दोन-तृतीयांश लोक नेमके सरकारी दरानेच घर विकतात यावर माझा विश्वास बसला नाही. उरलेल्या चौदा दस्तांत मोबदला बाजारभावापेक्षा बराच जास्त होता. ते व्यवहार बहुधा कर्जाचे असावेत, कारण त्यांतल्या बऱ्याच मिळकतींवर त्याच महिन्यात बँकेच्या गहाणाचीही नोंद दिसत होती. मी सत्तावीस दस्त बाजूला ठेवले आणि चौदांवरून हिशेब केला. तो आमच्या घराला साठ ते पासष्ट लाख दाखवत होता. नातेवाइकांचे आणि एजंटांचे सगळे आकडे त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेले.

गड्ड्याची जत्रा उठल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, एक शिक्षिका घर बघायला आल्या. अक्कलकोट तालुक्यातून बदली होऊन आल्या होत्या, पगारावर कर्ज घेणार होत्या आणि त्यांना सगळा व्यवहार बँकेतूनच करायचा होता. मी त्यांच्यासमोर वही ठेवली. त्यांनी चौदाही दस्त वाचले, दोन ठिकाणी मला दुरुस्तही केले, कारण एका प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता होता आणि त्याचा भाव आमच्याशी ताडून पाहणे योग्य नव्हते. चौसष्टला सौदा ठरला, दोन लाखांचा विसार चेकने झाला आणि साठेखत, म्हणजे पुढच्या विक्रीचा करार, लिहिले गेले.

मग बँकेचा मूल्यांकनकार आला आणि अण्णांच्या वरच्या दोन खोल्या पुढे आल्या. तळमजल्याचा मंजूर नकाशा आणि वापर परवाना फायलीत होता, पण २००६ च्या बांधकामाची परवानगीच सापडेना. अण्णांनी ती घेतली नव्हती, की घेतली आणि कागद हरवला, हे आता विचारायचे कोणाला? बँकेने वरच्या खोल्यांचे मूल्य शून्य धरले आणि कर्जाची रक्कम त्या प्रमाणात कमी मंजूर केली. बाईंचा व्यवहार मोडण्याच्या बेतात आला. आम्ही तिघांनी फोनवर बोलून तीन लाख कमी केले आणि त्यांनी उरलेली तूट भविष्य निर्वाह निधीतून काढली. एकसष्ट लाख हा आमच्या घराचा अंतिम आकडा असा ठरला. घर विकायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी विचारते की मजला चढवला असेल तर त्याचा नकाशा कुठे आहे. हा कागद नसला की घर रोखीच्या गिऱ्हाइकाच्या हाती जाते, कारण कर्जाचे गिऱ्हाईक तिथे टिकत नाही, आणि मग नोंदवलेला भावही खालीच राहतो.

मार्चमध्ये एजंट घाई करू लागले. एक एप्रिलपासून नवे रेडीरेकनर दर येणार आणि सोलापूरला मोठी वाढ होणार, अशी कुजबुज होती. ती खरी ठरली. २०२५-२६ च्या तक्त्यांत मुंबई महापालिका क्षेत्रात सरासरी ३.३९ टक्के, पुण्यात ४.१६ टक्के आणि सोलापुरात १०.१७ टक्के वाढ झाली. पण आमच्या बाबतीत ती घाई गरजेची नव्हती, हे मला वहीमुळे कळले होते. आमचा मोबदला एकसष्ट लाख आणि सरकारी मूल्य सेहेचाळीस. ते दहा टक्क्यांनी वाढून पन्नास-एक्कावन्न झाले असते तरी शुल्क एकसष्टवरच लागणार होते. या वाढीचा फटका दोघांना बसतो. जे सरकारी दराइतकाच आकडा लिहून वरचे रोख देतात त्यांचे शुल्क वाढते, आणि ज्यांचे घर आत्याच्या घरासारखे सरकारी दराच्याही खाली विकले जाते त्यांना न मिळालेल्या पैशांवर शुल्काचा, आणि तफावत दहा टक्क्यांहून अधिक असली तर आयकराचाही, विचार करावा लागतो. पहिल्यांबद्दल मला काही वाटत नाही. दुसऱ्यांबद्दल वाटते, कारण सरासरी वाढीचा आकडा जाहीर होतो तेव्हा पेठेतली अरुंद गल्ली त्या सरासरीत दिसत नाही.

तरीही बँकेच्या सोयीने खरेदीखत २७ मार्चलाच झाले. गुढीपाडवा तीन दिवसांवर होता आणि वर्षअखेर होती, त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या जिन्यावरही माणसे बसलेली होती. सोलापुरात मुद्रांक शुल्क एकूण सहा टक्के पडते आणि खरेदीदार केवळ महिला असेल तर एक टक्का सवलत मिळते. बाईंनी घर एकट्याच्या नावावर घेतले, म्हणून त्यांना तीन लाख पाच हजार भरावे लागले, नाहीतर तीन लाख सहासष्ट हजार लागले असते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल तीस हजार. व्यवहार पन्नास लाखांच्या वर असल्याने त्यांनी एक टक्का टीडीएस कापला आणि विकणारे आम्ही तिघे असल्याने त्या कापलेल्या कराचा २६क्यूबी हा फॉर्म तीनदा भरला. आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेईना. चुलीपाशी आणि भांड्यांत घासलेली बोटे, रेषा पुसट झालेल्या. तिथल्या लिपिक बाईंनी ओल्या रुमालाने तिचा अंगठा दोनदा पुसला, पदराने कोरडा केला आणि हलकेच काचेवर दाबून धरला, तेव्हा पाचव्या वेळी ठसा उमटला. बाहेर आल्यावर आईने किल्ल्या स्वतः बाईंच्या हातात दिल्या आणि हौदाची किल्ली कोणती, ते वेगळे सांगितले.

कराचा हिशेब जुलै २०२४ पासूनच माझ्या मनावर होता. त्या महिन्यातल्या अर्थसंकल्पाने दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा कर साडेबारा टक्के केला आणि महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, काढून टाकली. तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराला ते फार जड जाणार होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाली आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशनसह वीस टक्के, असा पर्याय मिळाला. आमच्या बाबतीत फरक केवढा पडला तो आकड्यांतच सांगते. जुन्या खरेदी किमतीच्या जागी धरायचे १ एप्रिल २००१ चे मूल्य नोंदणीकृत मूल्यांकनकाराने आठ लाख काढले. २००६ च्या खोल्यांचा खर्च साडेतीन लाख. नव्या पद्धतीने नफा साडेएकोणपन्नास लाख आणि कर सहा लाख एकोणीस हजारांच्या आसपास होत होता. जुन्या पद्धतीत २००१-०२ चा निर्देशांक १००, २००६-०७ चा १२२ आणि २०२४-२५ चा ३६३ धरला की आठ लाखांचे एकोणतीस लाख चार हजार आणि साडेतीन लाखांचे दहा लाख एक्केचाळीस हजार होतात, म्हणजे नफा साडेएकवीस लाखांच्या आसपास आणि कर चार लाख एकतीस हजार. उपकर वेगळा.

त्या साडेतीन लाखांचा पुरावा काय, असे सीएंनी विचारले, तेव्हा मला अण्णांची २००६ ची डायरी आठवली. निळ्या रेक्झिनची, बँकेने फुकट दिलेली. तीत रोजचा खर्च तारखेसह होता. विटांच्या खेपा, सिमेंटच्या गोण्या, सळई किती किलो, गवंड्याला आठवड्याचे किती, स्लॅबच्या दिवशी मजुरांच्या जेवणाचे किती. पावत्या टाचणीने त्या त्या पानाला लावलेल्या होत्या आणि टाचण्यांचा गंज कागदाला लागला होता. शेवटच्या पानावर बेरीज होती, तीन लाख एकोणपन्नास हजार आठशे साठ, आणि तिच्याखाली दोन रेघा. अण्णांनी मारलेल्या त्या दोन रेघांनी आमचा जवळजवळ दोन लाखांचा कर वाचवला, असे मी मानते. पुढे आई आणि मी आमच्या वाट्याचे सगळे पैसे नव्या घरात घातल्यामुळे आयकर कायद्याच्या कलम ५४ खाली आम्हा दोघींना सूट मिळाली. दादाने त्याच्या वाट्याच्या नफ्यासाठी सहा महिन्यांच्या आत करसवलत देणारे कलम ५४ ईसीचे बाँड घेतले.

आता पुणे. पंधराशे फुटांचा प्लॉट, हौद, चार खोल्या, पुढे कढीपत्ता आणि मागे नारळ असलेले घर एकसष्ट लाखांना गेले होते आणि तेवढ्या पैशांत कोथरूडला दोन खोल्यांचा जुना फ्लॅटही नीट मिळत नव्हता. वनाझ ते रामवाडी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून त्या मार्गावरच्या घरांच्या जाहिरातीत स्थानकाचे अंतर मिनिटांत लिहिलेले असते आणि ती मिनिटे किमतीत धरलेली असतात. चालू बांधकामातला फ्लॅट घ्यायचा तर पाच टक्के जीएसटी वर होता आणि ताब्यासाठी आईला दोन वर्षे थांबवणे शक्य नव्हते. म्हणून मी माझ्या ओळखीच्या भागात, धायरी आणि नऱ्हे या बाजूला, तयार आणि राहता फ्लॅट शोधायचे ठरवले. ही गावे पुणे महापालिकेत आली ती अनुक्रमे २०१७ आणि २०२१ मध्ये. घरे आधी झाली आणि रस्ते, पाणी, ड्रेनेज त्यांच्या मागून येत आहेत. सोलापूरचा हद्दवाढ भाग मी लहानपणी पाहिला होता, त्यामुळे इथले चित्र मला अनोळखी नव्हते.

इथेही मी वही काढली आणि इथे ती वेगळी वाचावी लागली. धायरीच्या इंडेक्स टूमध्ये मोबदला बहुतेक ठिकाणी बाजारभावापेक्षा स्पष्टपणे जास्त होता. पगारदार खरेदीदार, मोठे कर्ज, त्यामुळे लिहिलेला आकडा खऱ्याच्या जवळ. डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या महिन्यांच्या नोंदी तर संपता संपत नव्हत्या. त्या काळात राज्याने मुद्रांक शुल्क आधी तीन आणि मग दोन टक्क्यांनी कमी केले होते. शिवाय शुल्क भरून सही केलेला दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येतो, त्यामुळे त्या तारखांवरून भाव ताडताना फार सांभाळावे लागते. अडचण क्षेत्रफळाची होती. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याआधीच्या दस्तांत कुठे भिंतींसह मोजलेले बांधीव क्षेत्र, कुठे घराच्या आतले वापरायचे चटई क्षेत्र, आणि एजंटच्या तोंडी कायम जिना-लिफ्टचा वाटाही धरणारे सुपर बिल्टअप. ‘नऊशे पन्नास फुटांचा’ म्हणून दाखवलेला फ्लॅट मी टेपने मोजला तेव्हा चटई क्षेत्र सहाशे पन्नास भरले. त्या दिवसापासून मी प्रत्येक फ्लॅटचा भाव चटई क्षेत्राच्या फुटावरच मांडू लागले. दोन फ्लॅटांचा क्रम त्याने उलटा झाला, जो स्वस्त वाटत होता तोच महाग निघाला.

जो फ्लॅट शेवटी घेतला तो २०१३ च्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे आणि आईला जिना नको होता. मालकांनी शहात्तर लाख सांगितले. मे महिन्यात सिंहगड रस्त्यावरच्या उड्डाणपुलाचा मोठा टप्पा खुला झाला होता आणि तो त्यांनी किमतीत धरला होता. मी त्याच सोसायटीतल्या मागच्या वर्षभरातल्या तीन विक्रींचे दस्त त्यांच्यासमोर ठेवले. सहासष्ट, साडेसदुसष्ट आणि एकोणसत्तर. मग सोसायटीच्या ताळेबंदातून पाण्याच्या टँकरचा वर्षाचा खर्च काढून दाखवला. मालक थोडे दुखावले, हे मला दिसले. त्यांनी या घरात मुलांना वाढवले होते आणि मी त्यांच्यासमोर बेरजा ठेवत होते. सोलापुरात हौदाचे झाकण उघडायला लावणारी माणसे मला जशी वाटत होती तशीच मी त्यांना वाटत असणार. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला आणि अडुसष्टला ठरले.

सोसायटीच्या कमिटीने हस्तांतरणासाठी विकास निधी म्हणून एक लाख मागितले. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा पंचवीस हजार आहे आणि देणगीच्या नावाने वर काही सक्तीने घेता येत नाही, हे मी लेखी पत्राने कळवले. भांडण झाले नाही, पण ना-हरकत पत्राला तीन आठवडे लागले. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर फेब्रुवारीतल्या साडेसहावरून जूनपर्यंत साडेपाचवर आणला होता, त्यामुळे माझ्या तीस लाखांच्या कर्जाचा हप्ता मी आधी धरला होता त्यापेक्षा कमी बसला. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला, भोगवटा प्रमाणपत्र पाहिले, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे याची खात्री केली. सोलापूरच्या वरच्या खोल्यांनी शिकवले होते, म्हणून मी मंजूर नकाशा हातात घेऊन बाल्कनी मोजली.

आईला आषाढात व्यवहार नको होता. श्रावण लागला त्या दिवशी, २५ जुलैला, दस्त नोंदवला. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के पडतात. आम्ही घर आई आणि मी अशा दोघींच्या नावे घेतले. दोन्ही खरेदीदार महिला असल्याने सवलत टिकली आणि सहा टक्क्यांनी चार लाख आठ हजार भरले, अडुसष्ट हजार वाचले. दादाचे नाव प्रेमाने घातले असते तर ती सवलत गेली असती, आणि हे त्यानेच आधी लक्षात आणून दिले. यावेळी आईचा ठसा दुसऱ्याच वेळी उमटला, कारण निघण्यापूर्वी तिने स्वतःच रुमाल ओला करून पिशवीत ठेवला होता.

दिवाळीत सोलापूरच्या काकांचा फोन आला. त्यांचाही मुलगा आता पुण्यात आहे आणि त्यांनीही घर काढायचे ठरवले आहे. गिऱ्हाइके पंचेचाळीस-पन्नास बोलतात, तुमचे एकसष्टला गेले म्हटले तर कोणी विश्वास ठेवत नाही, असे ते म्हणत होते. मी त्यांना आमच्या खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि वर्ष सांगितले, ई-सर्चवर कोणते रकाने भरायचे ते त्यांच्या नातवाला समजावले आणि वहीतले उरलेले चौदा दस्त फोटो काढून पाठवले. वरच्या मजल्याचा नकाशा आहे का, असे विचारल्यावर काका थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “बघतो. कपाटात असेल.”